मढवीसाहेबांची पाहुणी

जे विमान अजून कारखान्यातून बाहेरही पडलं नव्हतं, त्याच्या बाबतीत मी खोटं बोललो. एकदा नाही, महिनाभर, रोज सकाळी, बेलापूरच्या ऑफिसात सगळ्यांच्या देखत. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. त्या खोट्याचं जे काही व्हायचं ते माझ्या वाट्याला आलं नाही, जयवंत मढवींच्या वाट्याला आलं. म्हणून त्यांच्याविषयी लिहायचं तर आधी हे लिहायला हवं. नाहीतर पुढे मी त्यांचं जे कौतुक करणार आहे, ते मलाच ऐकवणार नाही.

मढवीसाहेब आमच्या विमान कंपनीत ताफ्याचं नियोजन बघायचे. म्हणजे कुठली विमानं घ्यायची, किती घ्यायची आणि कधी घ्यायची. मी पायलटांच्या ट्रेनिंग विभागात होतो. आमच्या दोघांच्या केबिनांच्या मध्ये एक काच होती आणि तिच्यातून त्यांचं टेबल दिसायचं. विमान कंपनीत प्रत्येकाच्या टेबलावर एक तरी खेळण्यातलं विमान असतं. त्यांच्या टेबलावर नव्हतं. विमान बनवणाऱ्या कंपन्यांची माणसं भेट म्हणून आणायची, ते साहेब संध्याकाळपर्यंत कुणाच्या तरी मुलाला देऊन टाकायचे. कारण विचारलं तर म्हणायचे, "समोर ठेवलं की घ्यावंसं वाटतं रे."

ठेंगणे, खांदे रुंद, अर्ध्या बाह्यांचा शर्ट. सीवूड्सहून स्कूटरवर यायचे. डब्यात सुक्या बोंबलाची चटणी असायची आणि एसीमुळे तिचा वास मजलाभर फिरायचा. एचआरच्या एका बाईंनी एकदा नाजूकपणे विषय काढला, तर साहेबांनी तितक्याच नाजूकपणे त्यांना एक घास वाढला. पुढे त्याच बाई जेवायच्या वेळी त्यांच्या टेबलाकडे रेंगाळताना दिसायच्या.

खाडीकाठच्या एका गावात त्यांचा जन्म. ते गाव आता दोन टॉवरांच्या मधली एक अरुंद गल्ली होऊन उरलंय. वडिलांची होडी होती. त्यामुळे नवीन माणूस हमखास म्हणायचा, की साहेब, हा सावधपणा तुम्ही समुद्राकडून शिकलात. साहेब हसायचे. "मी इंजिनीअरिंग कॉलेजात शिकलो. खाडीत फक्त पोहलो."

त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं, "बरं, आणि मग?" कुणी नकाशे, आलेख, रंगीत पट्टे दाखवून सांगायचा, की सर, दहा विमानं आली की आपण अमुक शहरं जोडतो. साहेब मान डोलवायचे. "बरं, आणि मग?" मग तो सांगायचा, प्रवासी वाढतात. "बरं, आणि मग?" तिसऱ्या खेपेला समोरचा खुर्चीत बसायचा. अपमान त्यात नसायचा. त्यांना खरोखरच पुढचं ऐकायचं असायचं, आणि पुढचं बहुतेक वेळा कुणी ठरवलेलंच नसायचं.

बाहेरच्या माणसाला वाटतं, कंपनीने विमानांची ऑर्डर पुढे ढकलली म्हणजे कंपनी बुडायला आली. पेपरात तशीच बातमी येते, शेअर तसाच पडतो. मढवीसाहेबांना याचा राग यायचा. "अरे, लग्नाची तारीख पुढं गेली म्हणजे लग्न मोडलं का? हॉल मिळाला नसेल." ते नव्या लोकांना समजावून सांगायचे, ते मी इतक्या वेळा ऐकलंय की मला पाठ आहे. विमान आज मागवलं तर हातात यायला कित्येक वर्षं जातात. तोवर तेल महागलेलं असतं, डॉलर चढलेला असतो. ज्या शहरासाठी मागवलं तिथे दुसऱ्या कुणी आधीच फेऱ्या सुरू केलेल्या असतात. विमानतळावर उभं करायला जागा नसते. कधी कारखान्यालाच उशीर होतो, कधी विमान तयार असतं आणि इंजिन नसतं. आणि हे सगळं जमलं तरी ते चालवायला शिकलेली माणसं नसतात. "हो म्हणताना आपण चार वर्षांनंतरच्या स्वतःला कामाला लावतो," ते म्हणायचे. "त्या बिचाऱ्याला विचारलंय का कुणी?"

एकदा विमान बनवणाऱ्या कंपनीचा एक विक्री अधिकारी आला होता. साहेबांनी त्याला हॉटेलात न नेता दुपारी जेट्टीवर नेलं, मला दुभाष्या म्हणून सोबत घेतलं. दुभाष्याची गरज नव्हती, साहेबांचं इंग्रजी माझ्यापेक्षा बरं होतं. पण ते म्हणायचे, मध्ये माणूस असला की विचार करायला वेळ मिळतो. त्या गृहस्थाने सांगितलं, विमानं ठरल्या वेळी मिळतील, इंजिनांचं मात्र इंजिनवाल्यांकडे विचारावं लागेल. साहेब मला म्हणाले, "त्याला विचार, होडी देतोयस आणि वल्हं मागाहून?" मी जमेल तसं सांगितलं. तो मनापासून हसला, आणि हसण्याच्या भरात बोलून गेला, की त्यांच्या कारखान्याबाहेर अशा होड्यांची रांगच लागली आहे. साहेब हसले नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी ती ऑर्डर पुढे ढकलण्याची शिफारस केली, आणि ती झाली.

त्या वेळी जे घडलं त्यावरून माझ्या मनात या माणसाचं चित्र पक्कं झालं.

त्या विमानांसाठी एअरहोस्टेस म्हणून मुली निवडून ठेवल्या होत्या. एचआरने एक मेल लिहिला, 'काही अपरिहार्य कारणांमुळे' वगैरे. साहेबांनी तो वाचला आणि म्हणाले, "बोलवा त्यांना. मी सांगतो." एचआरवाल्यांनी परोपरीने सांगितलं, हे तुमचं काम नाही. ऐकलं नाही. हॉलमध्ये पुढे उभे राहिले आणि म्हणाले, "विमानं पुढं ढकललीत. मी सांगितलं म्हणून ढकललीत. त्यामुळे तुमची नोकरी आज सुरू होत नाही."

मागच्या दाराशी एक गृहस्थ उभे होते. कोपरखैरण्याचे, तळोज्याला कारखान्यात कामाला, पाळी संपवून तसेच गणवेशात आलेले. एका मुलीचे वडील.

"साहेब, पोरीनं वाशीची नोकरी सोडली तुमच्या भरवशावर. आता तिनं काय करायचं?"

"चूक आमची आहे."

"हे मेलमध्ये पण लिहिता आलं असतं."

"आलं असतं. पण मग तुम्ही शिव्या कुणाला घातल्या असत्या?"

"खरं सांगू? त्यासाठीच आलो होतो."

"मग घाला की. तोवर चहा सांगतो."

शिव्या काही घातल्या गेल्या नाहीत. चहा मात्र झाला. साहेब पुढचे कितीतरी दिवस प्रत्येक विभागाच्या मागे लागले आणि जमेल तितक्या मुलींना काउंटरवर, कॉल सेंटरला, कुठे ना कुठे लावून घेतलं. सगळ्यांचं जमलं नाही. त्या मुलीचं जमलं. पण तिच्या बापाचं वाक्य त्यांच्या डोक्यातून गेलं नाही. "भरवशावर म्हणाला तो," ते मला म्हणाले. "आपण भरवसा विकतो आणि आपल्यालाच माहीत नसतं तो आहे का."

त्यातून पाहुणी जन्माला आली.

पाहुणी म्हणजे न आलेलं विमान. साहेबांनी नियम केला, की ऑर्डर पक्की करायच्या किंवा पुढे ढकलायच्या मुदतीआधी ते विमान आपल्याकडे आलंच आहे असं धरून महिनाभर चालवायचं. तोंडी, सकाळच्या बैठकीत. पण खऱ्या माणसांनिशी. जो पायलट त्या दिवशी खरोखर दुसऱ्या विमानावर आहे, तो पाहुणीवर चालणार नाही. जी जागा विमानतळावर खरोखर भरलेली आहे, तिथे ती उभी राहणार नाही. "घरात पाहुणी येणार तर अंथरूण-पांघरूण आधी बघतो ना आपण? मग हिचं का नको?" पहिल्या दिवशी सगळे हसले. साहेब गंभीर चेहऱ्याने म्हणाले, "हं. पाहुणी काल मुक्कामाला कुठं होती?"

आठवड्याभरात हसणं थांबलं. पाहुणी नागपुरात अडकली, कारण परतीच्या फेरीला पायलट नव्हता. मग देखभाल विभागाच्या कुलकर्णी मॅडम म्हणाल्या, साहेब, तिचं चाक बदलायला हवं आणि आपल्याकडे त्या मापाचं चाक नाही. वेळापत्रकाचे शेट्टी तर इतके रंगले, की घरी फोनवर बोलून गेले, आज उशीर होईल, पाहुणी गुवाहाटीला एकटीच आहे. त्यांच्या बायकोने दुसऱ्या दिवशी ऑफिसात फोन करून चौकशी केली. साहेबांनी स्वतः तिला समजावलं, आणि तिने म्हणे विचारलं, की जे विमानच नाही त्याच्यासाठी नवरा उशिरा का येतो?

आमच्या एमडींनीही जवळपास तेच विचारलं. "मढवी, जो प्लेन है ही नहीं, वो लेट कैसे हो गया?"

"सर, अभी लेट हुआ तो हम हँसे. बाद में होता तो पॅसेंजर रोते."

पाहुणीचं ऐकून तीही ऑर्डर पुढे ढकलली. बाजारात आमच्याविषयी कुजबुज झाली. नंतर ज्यांनी घाईने विमानं आणली होती त्यांची विमानं इंजिनांवाचून उभी राहिली आणि आमची होती तेवढी उडत राहिली, तेव्हा कुजबुज थांबली. साहेबांनी त्याचा उच्चारही केला नाही. त्यांच्या घरी मात्र वेगळा न्याय होता. गावच्या जत्रेला मी जेवायला गेलो होतो, तेव्हा त्यांची थोरली बहीण ताटात कोलंबी वाढता वाढता म्हणाली, "दादूस, इमान नको बोललास तू, पेपरात आलंय. लोकं हसतान नाय का तुना?"

"हसू दे की, ताय."

"ह्यो लहानपनी पन असाच," ती माझ्याकडे वळून म्हणाली. "जेवाला बसाचे आधी इचाराचा, उद्या काय हाय. आजचा खा ना आधी."

साहेब खाली मान घालून खात होते आणि हसत होते. तो माणूस तसा हसताना मी पुन्हा फार वेळा पाहिला नाही.

आता माझ्याकडे येतो.

पुढची ऑर्डर मोठ्या विमानांची होती, काही वर्षांपूर्वी दिलेली आणि आता मुदतीला आलेली. परदेशी फेऱ्यांसाठी. आमच्या पायलटांना ती विमानं नवीन, म्हणजे प्रत्येकाला सुरुवातीच्या फेऱ्यांना शेजारी शिकवणारा कॅप्टन लागणार. असे शिकवणारे आमच्याकडे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. पाहुणी पुन्हा सुरू झाली, आणि या खेपेला तिचं सगळं अडलेलं होतं ते माझ्यापाशी. रोज सकाळी मला सांगायचं होतं, आज कुठल्या नव्या पायलटाशेजारी कुठला शिकवणारा बसला.

पाहुणी सुरू झाली त्याच संध्याकाळी त्या शिकवणाऱ्यांतले दोघे माझ्या केबिनमध्ये आले. दार लावलं. म्हणाले, राणे, आम्ही जातोय. आखाती कंपनीत. अजून कुणाला बोललो नाही, राजीनामा रीतसर महिनाअखेर देऊ. कारण विचारायची गरज नव्हती. वर्षभर त्यांच्या रजा मी कापत होतो, एकाला बापाच्या वर्षश्राद्धालासुद्धा सोडलं नव्हतं. ते रागावलेले नव्हते. ठरवून आले होते.

मी सकाळच्या बैठकीत त्यांची नावं घेत राहिलो. रोज. आज हा बंगळुरूच्या फेरीला बसला, आज तो दुबईच्या. कंपनी सोडून निघालेली दोन माणसं मी महिनाभर त्या न आलेल्या विमानात बसवत होतो. सांगितलं असतं तर पुढचा प्रश्न आला असता, का चाललेत? आणि उत्तर मीच होतो. शिवाय एमडींना ती विमानं हवी होती आणि विमानं आली की ट्रेनिंगचा विभाग मोठा होणार होता, हे मला कळत नव्हतं असं नाही. मी स्वतःला समजावलं, दुसरे मिळतील. अजून वेळ आहे. त्यांना थांबवीन. थांबवायला मी त्यांच्या घरी एकदाही गेलो नाही.

पाहुणी महिनाभर सुरेख उडाली.

शेवटच्या दिवशी सगळे गेल्यावर साहेब खोलीत बसून राहिले. मला म्हणाले, "राणे, माझं मन घेत नाही. ही ऑर्डर पुढं न्यावी असं वाटतंय मला. काय ते सांगता येत नाही."

मी म्हणालो, "मग न्या ना पुढे, साहेब."

हे मी खरंच म्हणालो. त्यांनी नेली असती तर मी सुटलो असतो.

त्यांनी समोरचे कागद सरळ केले. मग म्हणाले, "कसं नेऊ? अडली तेव्हा मी सगळ्यांना सांगितलं, पाहुणीचं ऐका. आता उडतेय, तर माझ्या मनाला पटत नाही म्हणून तिला खोटी म्हणू? मग त्या पद्धतीला काय अर्थ राहिला?" आणि त्यांनी शिफारस लिहिली, विमानं ठरल्या वेळी घ्यावीत.

विमानं आली. हार घातले, नारळ फोडले, फोटो निघाले. काही महिन्यांत त्यातली दोन विमानतळाच्या लांबच्या स्टँडवर नुसती उभी राहिली. इंजिनं होती, चाकं होती, चालवायला शिकलेली माणसं नव्हती. जाहीर केलेल्या फेऱ्या रद्द कराव्या लागल्या. एमडींनी बैठक बोलावली आणि विचारलं, हे कसं झालं? मी सांगितलं, दोन शिकवणारे कॅप्टन सोडून गेले. कधी ते कुणी विचारलं नाही. कागदोपत्री ते पाहुणीचा महिना संपल्यावरच गेले होते.

मढवीसाहेब म्हणाले, "चाचणी माझी. शिफारस माझी. माणसं जाऊ शकतात हे मी धरायला हवं होतं."

कुलकर्णी मॅडमनी काहीतरी बोलायचा प्रयत्न केला. साहेबांनी हातानेच थांबवलं. मी समोरच्या ग्लासातलं पाणी प्यायलो. त्याच वर्षी त्यांनी राजीनामा दिला. कुणी मागितला नव्हता. पण कुणी नकोही म्हणालं नाही, मीही नाही. पाहुणी बंद झाली. मी पुढे ट्रेनिंगचा प्रमुख झालो, अजून आहे.

अलीकडे आमच्या नियोजन विभागात एक नवीन मुलगी आलीय, हुशार आहे. तिला कुणीतरी पाहुणीची गोष्ट सांगितली. ती माझ्याकडे आली, म्हणाली, सर, हे पुन्हा सुरू करायला हवं, त्या मढवीसरांना बोलवू या का? मी हो म्हणालो आणि रविवारी सकाळी सीवूड्सला गेलो.

साहेब थकलेत, पण खांदे तसेच आहेत. गॅलरीत बसलो. आता नवं विमानतळ सुरू झाल्यामुळे तिकडे उतरणारी विमानं त्यांच्या गॅलरीतून दिसतात. ते बघत नव्हते. मी निरोप सांगितला.

"नको रे," ते म्हणाले. "पोरांना चुकीचं शिकवू नका. ती पद्धत बरोबर नव्हती."

"साहेब, पहिल्या खेपेला तर—"

"एकदा जमली. नशीब. दुसऱ्यांदा कळलं." त्यांनी चष्मा काढून पुसला. "मी अजून लावून बघतो डोक्यात. झोप येत नसली की. पहिल्या दिवसापासून. कुठल्या सकाळी चुकलं, तेच सापडत नाही. सगळं बरोबर येतं, आणि खरं विमान उभं राहतं. म्हणजे मुळातच काहीतरी चुकीचं होतं ना?"

मी तोंड उघडलं होतं. खरंच उघडलं होतं. तेवढ्यात वहिनी पोहे घेऊन आल्या, मग त्यांच्या मुलीचा फोन आला, मग विषय गुडघ्यांवर गेला.

मला सोडायला ते गेटपर्यंत आले. त्यांना समोरून दूध आणायचं होतं. रस्ता ओलांडायला निघाले आणि थांबले, मागे वळले.

"राणे, ते दोघं कॅप्टन जायच्या आधी कुणाशी तरी बोलले असतील ना रे?"

"माहीत नाही, साहेब."

"मी विचारायला हवं होतं. हेच राहिलं बघ माझं."

त्यांनी माझ्या दंडावर थोपटलं आणि गाड्या थांबवायला हात वर करून ते पलीकडे गेले. डेअरीच्या रांगेत उभे राहिलेले त्यांचे रुंद खांदे मला दिसत होते. मी तिथे उभा होतो, रस्ता मोकळा झाला होता, आणि मी गेलो नाही.

मी त्यांना एवढं सांगणं लागतो, की ते दोघं कॅप्टन माझ्याशी बोलले होते. चाचणी बरोबर होती, तिच्यात खोटं मी घातलं. ते मी अजून त्यांना सांगितलेलं नाही.